शाळेतली दादागिरी : कागद पुरे, आता विचारणा हवी

देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने होती, हे आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. ती दोन्ही १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली. शाळेच्या अंगणात मात्र थोरल्या-धाकट्यांचे राज्य अजून चालू आहे. तिथे थोरला तो, जो धाकट्याचा डबा हिसकावतो, त्याच्या आडनावावरून, रंगावरून हिणवतो आणि हल्ली त्याचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. घरी सांगितले की उत्तर ठरलेले : "मुलेच ती, चालायचेच!" आमचे स्पष्ट मत आहे की हे चालू देता कामा नये.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. महाविद्यालयांतल्या रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली कडक नियम केले. तिथे प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक, दोघांकडून शपथपत्र घेतात. शाळांचे तसे नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारहाण व मानसिक छळ यांवर बंदी घातली. पण त्यातली कारवाई सेवानियमांनुसार, म्हणजे रोख शिक्षकांवर. मुलानेच मुलाला छळले तर काय, हा प्रश्न राहिलाच. सीबीएसईने मार्च २०१५ मध्ये आपल्या शाळांना दादागिरीविरोधी समिती नेमायला सांगितले आणि लेखी ताकिदीपासून शाळेतून काढण्यापर्यंतचे उपाय सुचवले. ते परिपत्रक त्या मंडळाच्या शाळांपुरते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मध्यप्रदेश मंडळाच्या शाळांत शिकणारी मुले त्याच्या बाहेरच.

ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालाने बरीच भरून काढली आहे. कायदा होईपर्यंत पंधरा निर्देश सर्व शिक्षणसंस्थांवर बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. जात, वर्ग, लिंग, धर्म, अपंगत्व यांवरून होणाऱ्या छळाची तक्रार गुप्तपणे करता यावी, आणि तक्रार करणाऱ्यावर सूड उगवला जाऊ नये.

हे धार जिल्ह्याला विशेष लागू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार इथली निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. कुक्षी, डही, गंधवानीकडची मुले छात्रावासात राहून शिकतात. घर दूर, बोली वेगळी, तक्रार घेऊन येणारे आईवडील जवळ नाहीत. अशा मुलाच्या बोलीची वर्गात नक्कल होते, तेव्हा ते आधी गप्प होते आणि मग एक दिवस शाळाच सोडते. हजेरीपटावर कारण लिहिले जात नाही.

इथे थोडे आपल्याही घरात डोकावून पाहू. पवारांच्या काळापासून आपण इथे आहोत. आपल्या हिंदीतल्या मराठी वळणाला हसणारे आपल्या आजोबा-पणजोबांनाही भेटले असतील. पण आज हसणाऱ्यांत आपला नातू, आपली पुतणी नाही ना? जेवताना आपण इतरांच्या जातीविषयी, बोलीविषयी जे सहज बोलून जातो, तेच दुसऱ्या दिवशी वर्गात पोहोचते. छळणारे मूल गुन्हेगार नसते. त्यालाही समजावणारे कोणी हवे असते. ते काम घरापासून सुरू होते.

बाकीचे काम शाळेच्या दारात आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या शाला प्रबंधन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या महिलांच्या असतात. आपल्यातले किती पालक त्या बैठकींना जातात? खासगी शाळा असेल तर पालकसभा आहे. तिथे चारच प्रश्न विचारावेत : समुपदेशकाचे नाव काय? तक्रार कोणाकडे करायची? ती लेखी नोंदवली जाते का? यंदा शिक्षकांचे प्रशिक्षण कधी झाले? उत्तर मिळाले नाही तर जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक घरातल्या प्रत्येक मुलाला पाठ असू द्यावा.

आणि मते मागायला उमेदवार दारी येतील तेव्हा रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारावे, की आमच्या शाळेला समुपदेशक केव्हा मिळणार? आपला समाज संख्येने लहान आहे. पण ही मागणी आपल्या एकट्याची नाही. छात्रावासातल्या त्या मुलासाठीही आपण ती केली, तर तिचे वजन वाढेल.