पेटीचं झाकण उघडताना
महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिकडे गेलात तर नुसती बाटली घेऊन परतू नका. एखाद्या मधपाळाच्या हाताखाली सकाळभर उभे राहा. तोंडावर जाळी, अंगात पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा, आणि अत्तर बिलकूल नको. पेटीच्या तोंडाशी थोडा धूर दिला की सातेरी जातीच्या मधमाश्या मध पिऊन घेण्यात गुंततात, त्यांचा धोक्याचा गंधही धुरात विरतो. मग पोळ्याची चौकट हळूच सरळ वर उचलायची आणि उभीच धरायची. आडवी केली तर मधानं जड झालेलं कोवळं पोळं मोडून पडतं. उजेडाकडे धरली की एकेका घराच्या तळाशी खसखशीहून जरा लांबट, पांढरं अंडं दिसतं. ते दिसलं म्हणजे राणी आहे, वसाहत चालू आहे. डंख बसलाच तर नखानं लगेच खरवडून काढा. मध फक्त वरच्या मधकोठ्यातला घ्यायचा, मधयंत्रात फिरवून. पोळी न पिळता परत पेटीत. तोही सगळा काढणं मला पटत नाही. पावसाळ्यात इथं फुलोरा आटतो, माश्यांची उपासमार होते. त्या दिवसांत त्यांना काय खायला घालता, हे मधपाळाला जरूर विचारा.