रक्त थांबेपर्यंत बाकावरच



रक्ताचा थेंब दिसताच बास्केटबॉलपटूला बाहेर काढणे हे फाजील लाड आहेत, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत. त्यांची चिडचिड समजते. मे २००७ मध्ये सॅन अँटोनिओच्या टोनी पार्करशी टक्कर होऊन फिनिक्सच्या स्टीव्ह नॅशचे नाक फुटले. रक्त काही केल्या थांबेना. सामना अटीतटीला आलेला असताना नॅश बाकावर! फिनिक्स १११-१०६ असा हरला.

पण नियम कुणाला कायमचे हाकलत नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमानुसार रक्त थांबले आणि जखम नीट झाकली की खेळाडू परत येऊ शकतो. कोणत्याही संघाच्या टाइम-आउटमध्ये तो सावरला, तर बदलीही टळते.

आणि लाड कसले? बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने नोव्हेंबर १९९१ मध्ये एचआयव्हीची लागण जाहीर करून निवृत्ती घेतली. पुढच्या वर्षी तो परतला, तेव्हा कार्ल मलोनसारख्या सहकाऱ्याने जखमांबद्दल उघड धास्ती व्यक्त केली. सराव सामन्यात हातावर एक ओरखडा उठला, त्यावर काहूर माजले. काही दिवसांतच जॉन्सन पुन्हा निवृत्त! आजचा नियम कुणाचा रक्ताचा अहवाल मागत नाही, सगळ्यांना सारखाच लागू होतो. शिवाय रक्तावाटे एचआयव्हीपेक्षा हेपटायटिस बी अधिक सहज पसरतो, हे पत्रलेखकांनी विचारातच घेतलेले नाही.

— एक वाचक