नोटरीचा शिक्का सहीवर असतो, जमिनीवर नाही!

तहसील कचेरीच्या आवारात एक वाक्य रोज कानावर पडतं: "काही नाही, स्टॅम्पवर लिहून नोटरी करून टाकू." गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटचे लाखो रुपये याच एका वाक्यावर हातोहात जातात. म्हणूनच नोटरी कोण होतं आणि त्याला अधिकार किती, हे घेणाऱ्याने आधी समजून घ्यायला हवं.

नोटरी म्हणजे सरकारी पगारी अधिकारी नव्हे. तो वकीलच असतो. नोटरी कायदा १९५२ चा आणि नियम १९५६ चे. त्यानुसार अर्ज करायला वकिलीचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो. महिला तसेच अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय वकिलांना ही अट ७ वर्षांची आहे. नेमणूक केंद्र किंवा राज्य सरकार करतं. निवड झाल्यावर व्यवसायाचं प्रमाणपत्र मिळतं, ते ५ वर्षांसाठी असतं आणि पुढे नूतनीकरण करावं लागतं. कोणत्या भागात काम करायचं, तेही त्यात लिहिलेलं असतं.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने एकट्या महाराष्ट्रात १४ हजारांहून अधिक नव्या नोटरींची नेमणूक जाहीर केली. तालुक्याच्या वकिलांना त्यातून कामाचा आणखी एक मार्ग मिळाला. शपथपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी मारावा लागणारा हेलपाटाही अनेकांचा वाचला. ही सोय चांगलीच. पण शिक्का सहज मिळायला लागला, की त्याच्याकडून नको त्या अपेक्षाही वाढतात.

नोटरी नेमकं काय करतो? समोर आलेला माणूस तोच आहे का, सही त्यानेच केली का, हे पाहतो. शपथ देतो, प्रती साक्षांकित करतो आणि रजिस्टरला नोंद ठेवतो. जमीन विकणाऱ्याची आहे का, तिच्यावर बँकेचा बोजा आहे का, भावा-बहिणींचा हिस्सा आहे का, हे तपासणं त्याचं काम नाही. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या जमिनीची किंवा घराची खरेदी नोंदणीकृत दस्तानेच होते. तो दस्त दुय्यम निबंधकाकडे होतो. नुसत्या नोटरीच्या कागदावर मालकी बदलत नाही, तलाठी फेरफार धरत नाही, सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

मग लोक हा रस्ता का धरतात? बऱ्याचदा तुकडेबंदीमुळे गुंठ्यांची नोंदणी अडते. पोरीचं लग्न, दवाखाना, घराची गरज थांबत नाही. मधला माणूस "नोटरी चालतंय" म्हणतो. काही वर्षांनी मूळ मालक वारतो, वारस हात वर करतात किंवा तीच जमीन दुसऱ्याला रीतसर विकली जाते. घेणाऱ्याच्या हातात शिक्क्याचा कागद आणि कोर्टाच्या तारखा राहतात.

लग्न आणि घटस्फोटाचंही तेच. नोटरीला विवाह किंवा घटस्फोटाचा दस्त करण्याचा अधिकार नाही, हे केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बजावलं. नोटरीच्या 'सोडचिठ्ठी'वर दुसरं लग्न लावणं अंगाशी येऊ शकतं.

जबाबदारी नोटरीचीही आहे. सही करणारा समोर नसताना शिक्का मारणं हे गैरवर्तन ठरतं. अशी तक्रार सरकारकडे करता येते आणि दोषी ठरल्यास नोटरीचं नाव यादीतून काढलं जातं. फीचे दर कार्यालयाच्या आत आणि बाहेर लावणंही नियमाने बंधनकारक आहे. ते विचारायला लाजू नये.

शपथपत्राला, कागदाच्या खऱ्या प्रतीला नोटरी जरूर करा. पण जमिनीचा इसार देण्याआधी ताजा सातबारा आणि फेरफार काढा, अन् दस्त नोंदवता येतो का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. "नाही" असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच राहू द्या.