साथीला कोण आहे?

दर शनिवारी सकाळी आम्ही चौघं कोथरूडला चहाच्या टपरीवर जमतो. चौघंही आयटीवाले, चौघांनाही जॅझचं वेड. (पुण्यात आणखी कोणी असेल तर कृपया हात वर करा!) पहिला कटिंग येईस्तोवर रिलीज, अप्रेझल, मॅनेजरच्या नावाने बोटं मोडणं वगैरे उरकून घेतो. मग प्रत्येकाने सांगायचं, सध्या कुठला अल्बम चालू आहे. नियम एकच. अल्बमच्या नावासोबत त्यात वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं सांगायची. ड्रम्सवर कोण, डबल बेसवर कोण, सगळं. जो अडखळेल त्याने चहाचे पैसे द्यायचे.

हा नियम माझ्यामुळे आला. तेव्हा माझं 'काइंड ऑफ ब्लू' चालू होतं, म्हणजे खरं तर गेली दोन वर्षं तेच चालू होतं. कानाला हेडफोन, डोळे कोडमध्ये. त्यातल्या 'फ्रेडी फ्रीलोडर'वर मी पाच मिनिटं तारे तोडले. पियानो कसला खेळकर आहे, बिल इव्हान्सचा हा मूड मला जाम आवडतो, इत्यादी इत्यादी. समोरच्याने शांतपणे बिस्किट बुडवलं आणि म्हणाला, "अरे, त्या ट्रॅकवर इव्हान्स नाहीचे. तो विंटन केली."

घरी येऊन तपासलं. बरोबर होतं. बाकी सगळ्या ट्रॅक्सवर इव्हान्स, फक्त त्या एकावर केली. दोन वर्षं मी दोन वेगवेगळ्या माणसांचे हात एकच समजत होतो. लाज वाटली ती नाव चुकलं म्हणून नाही. आपण दोन वर्षं ऐकलंच नव्हतं, हे कळलं म्हणून.

माझे आजोबा गाण्याच्या बैठकीहून आले की आजीचा पहिला प्रश्न असायचा, "साथीला कोण होतं?" तबल्यावर अमुक, पेटीवर तमुक, हे सांगितल्याशिवाय गाणं कसं झालं ते सांगताच यायचं नाही. आपल्याकडे निवेदकसुद्धा साथीदारांची नावं आधी घेतो. जॅझमध्ये तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा, कारण तिथे साथ करणारा पुढच्या मिनिटाला स्वतःच मुख्य गायक होतो. 'सो व्हॉट' काढून ऐका. सुरावट डबल बेस मांडतो आणि बाकीचे त्याला होकार भरतात. माइल्स डेव्हिसचं नाव कव्हरवर आहे, पण तिथे बोलतोय पॉल चेंबर्स.

आणि हा चेंबर्स माझ्या डोक्यातून जाईना. 'काइंड ऑफ ब्लू'चं रेकॉर्डिंग न्यूयॉर्कला दोन दिवसांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. यातला दुसरा दिवस म्हणजे चेंबर्सचा चोविसावा वाढदिवस. चोविसाव्या वर्षी मी काय करत होतो? प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवत होतो. असो. मग मी त्याचा माग काढत गेलो. कोल्ट्रेनचा 'ब्लू ट्रेन' (१९५७), तिथे चेंबर्स. 'जायंट स्टेप्स'चं बरंचसं काम मे १९५९ मधलं, तिथेही चेंबर्स, आणि त्यातला 'मिस्टर पी. सी.' म्हणजे दस्तुरखुद्द तोच. त्याच अल्बममध्ये 'नाइमा' ऐकताना पियानोवर कोण सापडावा? विंटन केली! या वेळी मात्र ओळखला. जानेवारी १९६९ मध्ये चेंबर्स गेला, तेव्हा तो जेमतेम तेहेतीस वर्षांचा होता.

हा रस्ता मला कुठल्याही ॲपने दाखवला नसता. ॲप सांगतं, 'तुम्हाला हेही आवडेल.' का आवडेल, ते सांगत नाही. बेसवाल्याचं नाव शोधायला चार ठिकाणी टिचक्या माराव्या लागतात, आणि तरी मिळेलच असं नाही. साल बघावं तर पुष्कळदा रीइश्यूचं. जुन्या एलपीच्या मागच्या बाजूला हे सगळं छापलेलं असायचं. एवढा साधा डेटा दाखवायला काय अडचण आहे, हे एक इंजिनियर म्हणून मला खरंच कळत नाही.

आमच्यातल्या एकाला हा नियम मुळीच मान्य नाही. तो म्हणतो, ही काय यूपीएससी आहे का पाठांतर करायला? नावं पाठ असलेला बहिरा असू शकतो. त्याचं म्हणणं मी अर्धं मान्य करतो. 'वॉल्ट्झ फॉर डेबी' मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा इव्हान्ससोबत कोण आहे याचा पत्ता नव्हता, तरी रात्री दोन वाजेपर्यंत जागा राहिलो. पण बेसवरचा स्कॉट लफारो २५ जून १९६१ च्या त्या रेकॉर्डिंगनंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला, हे कळल्यावर पुन्हा ऐकला. मागे क्लबमधल्या लोकांचे ग्लास किणकिणतायत, गप्पा चालल्यायत. तेव्हापासून ते ग्लास मला सहन होत नाहीत.

आणि नावं नोंदली नाहीत की काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे किती तरी गोवेकर वादक हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात होते. 'अलबेला'त (१९५१) सी. रामचंद्रांनी ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटला त्याच्या बँडसकट पडद्यावर आणलं, म्हणून निदान त्याचा चेहरा तरी राहिला. बाकीच्यांचं काय? तबकडीवर संगीतकार, गायक, गीतकार. एखाद्या जुन्या गाण्यात सॅक्सोफोनचा तुकडा येतो, माझी आई अजून तो तोंडाने वाजवून दाखवते, आणि तो कोणी वाजवला हे आम्हा दोघांनाही सांगता येत नाही.

तर, या शनिवारी माझा अल्बम: 'कूल स्ट्रटिन'', रेकॉर्डिंग जानेवारी १९५८. पियानो सनी क्लार्क, ट्रंपेट आर्ट फार्मर, आल्टो सॅक्स जॅकी मॅक्लीन, ड्रम्स फिली जो जोन्स. बेसवर कोण, ते ओळखा. चहा माझ्याकडून.