चिमणीवरचा ससाणा

मराठीत कारखान्याच्या धुराड्यालाही चिमणी म्हणतात आणि वळचणीच्या पाखरालाही. त्यामुळे ‘चिमणीवर ससाणा बसला’ हे वाक्य ऐकणाऱ्याला आधी पाखराची कीव येते. इथे विषय धुराड्याचा आहे. नाशिकजवळ एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांकडे पाहून माणसाला कोळसा, राख आणि वीजबिल आठवते. बहिरी ससाण्याच्या लेखी तो एक सरळसोट कडा असतो. वर जाता येईल असे मांजर नाही की साप नाही, खाली पारवे मुबलक आणि झेप घ्यायला मोकळे आकाश.

(‘बहिरी’ या नावाचा कानांशी संबंध नाही. ‘बहर’ म्हणजे समुद्र, त्यावरून आलेला हा शिकारखान्यातला जुना शब्द.)

या पक्ष्याची एक जात थंडीत उत्तरेकडून पाहुणी येते. दुसरी, शाहीन, सह्याद्रीच्या कड्याकपारींत बारमाही राहते. ससाणा काटक्यांचे घरटे बांधत नाही. कपारीतल्या मातीत किंवा खडीत छातीने उथळ खळगा करतो आणि मादी त्यात तीन-चार अंडी घालते. महिनाभर उबवण आणि पुढे सुमारे सहा आठवडे पिलांचे संगोपन. आपल्याकडे हा काळ साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंतचा, म्हणजे नाशिकच्या द्राक्षहंगामाला लागूनच. कड्याऐवजी उंच इमारत किंवा मोबाइलचा मनोराही शाहीनला चालतो, अशा नोंदी भारतात झाल्या आहेत. लंडनच्या बंद पडलेल्या बॅटरसी वीज केंद्रावर ससाण्यांची जोडी राहू लागली, तेव्हा पुनर्बांधणीच्या काळात तिच्यासाठी वेगळा मनोरा उभारून त्यावर घरट्याची पेटी ठेवली गेली. अमेरिकेत मिनेसोटासारख्या राज्यांत चालू वीज केंद्रांच्या चिमण्यांवर अशा पेट्या लावल्या जातात. पेटीत आत नुसती खडी. ससाण्याला तेवढे पुरते.

हे सगळे निसर्गप्रेमाच्या पानावर शोभेल, आरोग्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १९६०च्या दशकातल्या ब्रिटनमध्ये आहे. शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी सरकारकडे तक्रार केली, की ससाणे फार माजलेत, त्यांचे संरक्षण काढून घ्या. सरकारने गणना करायला लावली आणि निघाले भलतेच. ससाणे वाढले तर नव्हतेच, झपाट्याने नाहीसे होत होते. गणनेचे काम करणाऱ्या डेरेक रॅटक्लिफ यांना घरट्यांत फुटलेली अंडी सापडत होती. अंडी जमवण्याच्या छंदातून संग्रहांत साठलेली जुनी टरफले त्यांनी तोलून-मोजून पाहिली. १९४७च्या सुमारापासून टरफले एकाएकी पातळ झाल्याचे दिसले. आईच्या वजनाखालीच अंडी चिरडत होती. हा निष्कर्ष १९६७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.

कारण होते डीडीटी. किड्याच्या अंगात ते कणभर असते, शेकडो किडे खाणाऱ्या पाखरात त्याहून जास्त, आणि अशी शेकडो पाखरे खाणाऱ्या ससाण्याच्या चरबीत सर्वांत जास्त. त्यातून शरीरात तयार होणारे डीडीई हे रसायन टरफलाला कॅल्शियम पोचू देत नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तोवर ससाण्याची एकही जोडी उरली नव्हती. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, पिंजऱ्यात वाढवलेली पिले सोडली गेली आणि १९९९ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला.

भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ मध्ये थांबवला गेला, डासांविरुद्ध तो पुढेही चालू राहिला. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीतच ते तयार होत असे. औषधाचा अंश साखळीने वर चढतो हे नाशिककरांना मात्र ससाण्याने नव्हे, द्राक्षांनी शिकवले. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षे युरोपने नाकारली आणि बागायतदार रडकुंडीला आले. साखळीच्या शेवटी आपणही बसलेलो आहोत, एवढाच त्याचा अर्थ.

याचे दुसरे उदाहरण शहराच्या आणखी जवळ आहे. अंजनेरीच्या कड्यांवर अजून गिधाडे घरटी करतात. देशभरात ती का संपत आली, याचा उलगडा २००४ मध्ये झाला. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. या शोधामागे उभी होती ‘पेरेग्रिन फंड’, अमेरिकेत बहिरी ससाणा वाचवण्यासाठी १९७० मध्ये निघालेली संस्था. गुरांसाठी हे औषध भारतात २००६ मध्ये बंद झाले. गिधाडे गेल्याने काय झाले याचा हिशेब २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला: २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा मानवी मृत्यू. सडणारी जनावरे, भटकी कुत्री, दूषित पाणी या वाटांनी.

म्हणून नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वसाहतीत किंवा एकलहऱ्याला ससाण्याची जोडी खळगा करताना दिसली, तर ती जनसंपर्क खात्याकडे सोपवू नये. तिथे एकच होईल. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर पिलांचा फोटो येईल आणि खाली ‘आमची हवा स्वच्छ’ असे लिहिले जाईल. हे साफ चूक आहे. ससाणा धुराचा दाखला देत नाही. धुरकट केंद्रांवरही तो सुखाने पिले वाढवतो. औष्णिक केंद्रांच्या गंधक वायूसाठी २०१५ मध्ये ठरलेले निकष वर्षानुवर्षे पुढे ढकलले गेले आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यासाठीच्या यंत्रणेतून सूट मिळाली. त्या प्रश्नाचे उत्तर दमा झालेल्या मुलाच्या फुप्फुसात शोधावे लागेल. घरट्यात ते मिळणार नाही.

घरटे सांगते ते अन्नाबद्दल. अंडी किती घातली, किती उबली, पिले किती उडाली, न उबलेल्या अंड्यात कोणते रसायन सापडले, ही माहिती वर्षानुवर्षे जमली तर तालुक्याच्या शेतीत काय फवारले जाते याचा तो फुकटचा आरसा ठरेल. न उबलेली अंडी वन खात्याच्या परवानगीनेच उचलायची, कारण वन्यजीव कायद्यात हा पक्षी पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या घरट्याला त्रास देणे हीसुद्धा कायद्याने शिकारच.

पारव्यांच्या विष्ठेने फुप्फुसांचे विकार होतात, तेव्हा ससाणा त्यांचा बंदोबस्त करील, अशी आशाही काहींना वाटते. दाणे टाकणारे हात थांबले नाहीत, तर एक जोडी किती पारवे खाणार? बागेत मात्र गोष्ट वेगळी असू शकते. न्यूझीलंडमध्ये तिथल्या स्थानिक जातीचे ससाणे द्राक्षबागांत वसवले, तेव्हा पाखरांनी तोडून नेलेल्या द्राक्षांचे प्रमाण ९५ टक्क्यांनी घटल्याचे २०१२ च्या अभ्यासात दिसले. जाळी आणि फटाक्यांवर पैसे घालणाऱ्या निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराने हा आकडा ऐकून ठेवायला हरकत नाही. शाहीन बागेत येईलच असे नाही, पण निदान फवारणीआधी आकाशाकडे पाहिले जाईल.

खर्च म्हणाल तर एक कॅमेरा, खडीची एक पेटी आणि फेब्रुवारी ते मे त्या मजल्यावरची दुरुस्ती पुढे ढकलण्याची तयारी. शिवाय एक वही. ती ठेवायला पक्षीतज्ज्ञ लागत नाही. चिमणीच्या टोकाचा लाल दिवा बदलायला जो कंत्राटी कामगार वर चढतो, त्यालाच ही जोडी सगळ्यात आधी दिसणार आहे, आणि खाली उतरल्यावर ते कोणाला सांगायचे हे आज त्याला कोणी सांगितलेले नाही.