पारा शरीरातून निघून जातो, मग मिनामाताचे खटले अजून का सुरू आहेत?

१ मे २०२४. जपानमधल्या मिनामाता शहरात पारा-विषबाधेच्या बळींचा स्मृतिदिन होता. कार्यक्रमानंतर पर्यावरणमंत्री शिनतारो इतो पीडितांच्या संघटनांना भेटले. प्रत्येक वक्त्याला बोलायला ३ मिनिटं दिली होती. एक वृद्ध गृहस्थ आपल्या पत्नीच्या मृत्यूबद्दल सांगत होते. वेळ संपली आणि मंत्रालयाच्या कर्मचाऱ्याने माइक बंद केला.

देशभर संताप उसळला. आठवडाभरात मंत्र्यांना पुन्हा मिनामाताला जाऊन माफी मागावी लागली.

पण मूळ प्रश्न उरतोच. ज्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली, त्याचे पीडित आजही न्याय का मागत आहेत? याचं अर्धं उत्तर राजकारणात आहे. उरलेलं अर्धं चेतापेशीच्या आत आहे.

नेमकं काय घडलं होतं?

चिस्सो कंपनीच्या कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनवताना पारा वापरला जायचा. त्यातून तयार झालेली मिथाइल मर्क्युरी सांडपाण्याबरोबर समुद्रात गेली, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत. आधी मांजरं झटके येऊन मरू लागली. मग माणसांचे हातपाय बधिर झाले, तोल जाऊ लागला, नजर आक्रसली. सरकारने कारखान्याला जबाबदार धरलं ते थेट १९६८ मध्ये.

पारा मेंदूत शिरतो कसा?

मेंदूभोवती एक कडक पहारा असतो. रक्तातली बरीच विषारी द्रव्यं तिथेच अडतात. मिथाइल मर्क्युरी मात्र सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटते. ही जोडी मिथिओनिन या दुसऱ्या, शरीराला हव्या असलेल्या अमिनो आम्लासारखी दिसते. पहारेकरी फसतो आणि तिला आत सोडतो. गर्भवतीच्या वारेतूनही ती अशीच बाळापर्यंत पोहोचते. म्हणूनच मिनामातात वरकरणी धडधाकट आईच्या पोटी गंभीर अपंगत्व असलेली मुलं जन्मली.

आत गेल्यावर काय होतं?

सातबाऱ्याचं उदाहरण घेऊ. तलाठ्याकडचं मूळ दप्तर कुणी घरी नेत नाही, कामासाठी उतारा काढतो. पेशीतही तसंच आहे. डीएनए हे मूळ दप्तर आणि आरएनए हा उतारा. तो वाचून पेशी प्रथिनं बनवते आणि त्या प्रथिनांवर तिचं सगळं काम चालतं.

पाऱ्याला गंधकाची जबरदस्त ओढ असते. उतारा काढणाऱ्या आणि तो वाचून प्रथिनं बनवणाऱ्या अनेक एन्झाइम्समध्ये गंधकाचे गट असतात. पारा तिथे चिकटला की काम अडतं. विषबाधा झालेल्या उंदरांच्या चेतापेशींत आरएनए कमी झाल्याचं १९७०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. पुढे असंही आढळलं की प्रथिनांसाठी अमिनो आम्लं वाहून आणणाऱ्या आरएनएवर माल चढवण्याची पायरीच बिघडते.

अर्थात, पाऱ्याचा वार एकाच जागी होत नाही. तो पेशीची संरक्षण यंत्रणा आणि कॅल्शियमचा समतोलही बिघडवतो. आरएनएची साखळी हा या नुकसानाचा एक भाग आहे.

फटका चेतापेशींनाच जास्त का?

कारण बहुतेक चेतापेशी पुन्हा विभागत नाहीत. त्वचेची पेशी मेली तर नवी येते, चेतापेशीची जागा सहसा रिकामीच राहते. शिवाय तिचे तंतू लांबवर पसरलेले असतात आणि त्यांना सतत ताजी प्रथिनं लागतात. मिनामाताच्या रुग्णांत लहान मेंदू आणि मेंदूचा दृष्टीशी संबंधित भाग यांचं मोठं नुकसान झालं होतं. तोल जाणं आणि नजर आक्रसणं त्यातूनच आलं.

मग पुरावा कुठे आहे?

खरी अडचण इथे आहे. विषबाधा आणि लक्षणं यांत मोठं अंतर असू शकतं. अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे मोजके थेंब पडले. लक्षणं दिसायला सुमारे ५ महिने लागले. जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

दुसरीकडे, रक्तातली मिथाइल मर्क्युरी साधारण दोन महिन्यांत निम्मी होते. म्हणजे काही वर्षांनी रक्त तपासलं तर जुन्या विषबाधेची खूण सापडत नाही. विष निघून जातं, मेलेली पेशी परत येत नाही.

जपानच्या १९७७च्या निकषांनुसार रुग्ण म्हणून मान्यता मिळायला सहसा अनेक लक्षणं एकत्र दिसावी लागत. फक्त हातपाय बधिर झालेले हजारो लोक त्यामुळे बाहेर राहिले. २००९च्या मदत कायद्यातही राहण्याचा भाग आणि जन्मवर्ष यांच्या रेषा आखल्या गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने १२८ अर्जदारांना, म्हणजे सगळ्यांनाच, पीडित मानलं. मार्च २०२४ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने १४४ पैकी २५ जणांना हा आजार असल्याचं मान्य केलं, पण २० वर्षांची मुदत उलटली म्हणून त्यांनाही भरपाई नाकारली.

आपला संबंध काय?

पाऱ्याचा वापर घटवणारा आंतरराष्ट्रीय करार याच शहराच्या नावाने, 'मिनामाता करार' म्हणून ओळखला जातो. भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला. त्याआधी, २००१ मध्ये, तामिळनाडूतल्या कोडाईकॅनालचा थर्मामीटर कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणावरून बंद पडला होता. तिथल्या ५९१ माजी कामगारांशी कंपनीने समझोता केला तो २०१६ मध्ये, १५ वर्षांनी.

करार उद्याची विषबाधा रोखू शकतो. कालच्या विषबाधेचा हिशेब मात्र प्रत्येक देशाच्या कायद्यालाच करावा लागतो. चेतापेशीत झालेलं नुकसान २० वर्षांनी संपत नसेल, तर दाद मागायची मुदत २० वर्षांनी का संपावी? मिनामाताचे पीडित न्यायालयात हेच विचारत आहेत. त्यातले बरेच जण आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.