कॅमेरा घ्या, मेगापिक्सेल सोडा

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की बारामतीत जो भेटेल तो विचारतो, "किती मेगापिक्सेल?" कलिंगड घेताना 'बिया किती?' विचारावं, तसा हा प्रश्न!

आमची गरज साधी. आषाढी वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीहून इंदापूर तालुक्यात शिरते, बेलवाडीला गोल रिंगण होतं. ते टिपायचं. आई 25 वर्षं पायी वारीला गेली. आता गुडघे रजेवर, तेही बिनपगारी. गेल्या वर्षी मोबाइलवर शूटिंग करून नेलं. चष्मा पुसून ती म्हणाली, "देवाचा अश्व कुठाय रे?" होता की! मुंगीएवढा, आणि पुढे शेकडो उंचावलेले मोबाइल.

भाचा म्हणतो, "मामा, छातीवर बांधायचा ॲक्शन कॅमेरा घ्या. बर्फावरून स्की करणारे तोच वापरतात." अरे, त्याच्या छातीवर तो शोभतो, कारण तिथे तो स्वतःच घोडा असतो! मी कडेला उभा. वाइड लेन्समधून लांबचा घोडा आणखी लांब पळतो.

म्हणून ठणकावून सांगतो: पैसे घालावेत ते खऱ्या ऑप्टिकल झूमवर, एका पायाच्या स्टँडवर (तीन पायांत वारकरी अडखळतो) आणि केसाळ टोपडं घातलेल्या माइकवर. नाहीतर मृदंगाऐवजी वाराच वाजतो. उरल्या पैशांत पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी.

आईला टापा ऐकू आल्या की आमचं खातं जुळलं. टापांखालची माती मात्र पुडीत बांधूनच आणणार. ती कपाळाला लावायची सोय अजून कुठल्याच कॅमेऱ्यात नाही.